वाढत्या अंगाचा दस्ता

अण्णा,

मी बंदूक चालवायला शिकले आहे आणि तिचा लाकडी दस्ता मी स्वतः केला आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही चष्मा काढून कपाळ चोळत बसाल. शिकार वगैरे काही नाही. गवताच्या पट्ट्यापलीकडे कागद लावलेला असतो, त्यावरच्या काळ्या गोलावर नेम धरायचा, एका वेळी एक गोळी. रीतसर लायसन्स आहे, गॅरेजच्या भिंतीला बोल्ट मारून बसवलेली पोलादी तिजोरी आहे, ती पोलीस येऊन बघून गेलेत. तुमची मुलगी पन्नाशीला टेकली, पण अजून हाताबाहेर गेलेली नाही.

हात हाच या पत्राचा विषय आहे म्हणा. तुमच्या हयातीत मी पुण्यात दवाखाना थाटला होता, आणि येईल त्या पाहुण्याला तुम्ही ऐकवायचात, "आमची मुलगी दिवसभर लोकांचे दात काढते आणि घरी आली की स्वतःचे." आता तेच काम मी मेलबर्नला करते. क्रेगीबर्नला घर आहे. आमच्या मागच्या दोन गल्ल्या संपल्या की वस्ती संपते आणि मेंढ्यांची कुरणं लागतात. त्याच रस्त्याने आणखी वर गेलं की नेमबाजीचा क्लब. दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीने एका शनिवारी आग्रह करून नेलं, आणि मी आपली गंमत म्हणून गेले. गंमत संपली, मी मात्र जात राहिले. नेम काही केल्या लागत नव्हता. गोळ्या कागदावर कुठेही, कधी कागदावर नाहीतच. दातात सुईएवढं भोक नेमकं पाडणारी बाई मी, मला त्याचा भयंकर राग यायचा.

क्लबच्या बंदुका सांभाळणारी एक म्हातारी आहे. आयुष्यभर मेंढ्या पाळल्या, आता गुडघे गेले म्हणून शेत मुलीला दिलं आणि इथे येऊन बसते. तिने एक दिवस मला म्हटलं, दोन्ही हातांचा त्रिकोण कर आणि त्यातून माझं नाक बघ. मग एकेक डोळा मिटायला लावला. आणि हसायला लागली. "यू आर अ लेफ्टी, लव्ह! हू टोल्ड यू अदरवाइज?" माझा मुख्य डोळा डावा होता. मी इतके महिने उजव्या खांद्याला बंदूक लावून चुकीच्या डोळ्याने बघत होते. तिच्या दृष्टीने प्रश्न सुटला, ती चहा करायला गेली. मी मात्र तिथेच उभी. मला वेगळं कोणी सांगितलं, ते तिला काय सांगणार? तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही मारलं कधीच नाहीत, हे कबूल. स्वयंपाकघरात मी पाटावर बसलेली आहे, समोर वरणभात, आणि माझा डावा हात ताटाकडे जातो. तुम्ही जेवता जेवता तो हात मनगटाला धरून उचलता आणि माझ्या मांडीवर ठेवून देता. "हा नाही. तो." बस, एवढंच. आवाज चढवत नाही, मान वर करत नाही, घास मोडत नाही. आई म्हणते, "राहू द्या हो, लहान आहे." तुम्ही म्हणता, "लहान आहे तोवरच वळेल." पाटीवर अक्षर गिरवतानाही तेच, रांगोळीचं बोट सोडतानाही तेच. रोज. एखादा धपाटा घातला असतात तर निदान रडून मोकळी झाले असते. पुढे माझं लग्न झालं तेव्हा मामा मांडवात म्हणाला, चला, मुलगी उजवली. मला इतकं हसू आलं की अंतरपाटाआड खांदे हलायला लागले. मनात म्हटलं, ही दुसरी खेप. पहिल्यांदा अण्णांनी कधीच उजवली आहे.

म्हातारीने नाक बघायला लावलं त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. आयुष्यात एक तरी गोष्ट माझ्या बाजूने करून बघायची. ती जमली तर समजायचं की ती डावखुरी पोर अजून आत कुठेतरी आहे. नाही जमली तर तुम्ही तिला पार तासून काढलीत, विषय संपला.

क्लबमध्ये डाव्या हाताची बंदूक नव्हती. तेव्हा ठरलं की जोडून घ्यायची. लोखंडाचं सगळं काम, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा डावीकडे असलेला मधला भाग आणि त्यावर नळी बसवणं, हे इथे ज्याच्याकडे त्याचं लायसन्स आहे तोच माणूस करतो. त्याने केलं. मग म्हातारीने विचारलं, "सो, हूज डूइंग युअर फर्निचर?" मला वाटलं, बाई घरची चौकशी करते आहे. मी सांगितलं, सोफा सेकंडहँड घेतला, बाकीचं सगळं खोक्यात येतं ते आम्ही स्वतःच पेचकसाने जोडलं, एक कपाट अजून हलतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. बंदुकीच्या लाकडी भागांना इकडे फर्निचर म्हणतात, अण्णा! मी घरी येऊन सांगितलं, मी फर्निचर करते आहे, तर तुमचे जावई म्हणाले, "वा, मग आधी शू-रॅक कर." आणि तुमचा नातू, जो घरी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देतो, तो म्हणाला, "मम, दॅट्स अ‍ॅक्च्युअली सिक." ही स्तुती असते म्हणे.

लाकूड टास्मानियाचं घेतलं. त्याला ब्लॅकवुड म्हणतात, पण झाड बाभळीच्या जातीतलं. तुम्ही ऐकलं असतंत तर म्हणाला असतात, बाभूळ औताला लावायची, हे काय काढलंस. रंग मात्र जुन्या गुळासारखा आहे. गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, जुनं टेबल मांडलं. तुमच्या लाकूडकामाच्या दोन पटाश्या आणि तुमची पितळी पट्टी मी इकडे येताना बॅगेत साड्यांच्या घडीत घालून आणली होती. इतकी वर्षं ती हत्यारं दिवाणखान्याच्या कपाटात नुसती ठेवलेली होती. आता हात शिवशिवायला लागले. पट्टीवरच्या रेघा अजून कशा लख्ख आहेत, म्हणून मी सगळ्या खुणा तिनेच केल्या. लोखंडाच्या लांबीचा आकडा त्या लायसन्सवाल्याने लिहून दिला होता, कोपरापासून बोटापर्यंतचं माझं माप म्हातारीने टेपने घेतलं होतं; खाच आणि दस्ता, दोन्ही त्या आकड्यांवरून आखलं. मग डाव्या हातात पटाशी धरून कोरायला बसले. पहिले काही दिवस डावा हात नुसता पोरकट वागत होता. घसरायचा, लाजायचा. मग हळूहळू त्याला त्याचं काहीतरी आठवायला लागलं.

लोखंड लाकडात बसवताना कुठे टेकतंय ते दिसत नाही. म्हातारीने त्यासाठी एक काळं मलम दिलं होतं, पण मला तुमची युक्ती आठवली. देवापुढच्या समईची काजळी धरली, त्यात थेंबभर तेल कालवलं, ते लोखंडाला पुसलं आणि खाचेत दाबलं. उचललं की लाकडावर जिथे काळा ठिपका, तिथे खरवडायचं. रोज दवाखान्यात मी हेच करते. दात भरला की निळा कागद चावायला देते, जिथे निळं उमटलं तिथे घासते. म्हणजे माझा धंदा तुमच्याच धंद्यातला निघाला. या विचाराने मला इतका आनंद झाला की मी दुपारभर गुणगुणत होते.

आणि लोखंड खाचेत ठेवलं तर मागे फट. चांगली दोन मिलिमीटरची. ती खरवडण्याआधीच तिथे होती. मी परत मोजलं, बरोबर. परत मोजलं, बरोबरच. पट्टी म्हणत होती की चूक नाही, आणि डोळ्यांना फट दिसत होती. शेवटी पोराच्या खोलीतून त्याची युनिव्हर्सिटीची स्टीलची पट्टी आणली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळलं. दहाला तुमची पट्टी थोडी पुढे होती. वीसला आणखी पुढे. मी गॅरेजच्या फरशीवर बसले, आणि मला तो दसरा आठवला.

दसऱ्याला तुमच्या फॅक्टरीत घरच्यांना आत सोडायचे. फौंड्रीच्या बाजूला तुमचं पॅटर्न शॉप. ओतायच्या वस्तूची आधी तुम्ही लाकडाची प्रतिकृती करायचात, ती वाळूत दाबून काढून घ्यायची, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड. यंत्रांना झेंडूच्या माळा आहेत, हातात पेढ्याचा कागद आहे, आणि तुम्ही ही पट्टी माझ्या हातात देता. "ही पट्टी खोटी आहे बरं का. हिचा सेंटिमीटर बाजारातल्यापेक्षा जरा मोठा. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकूड आधीच मोठं करायचं." मी विचारते, "म्हणजे माझ्या फ्रॉकसारखं?" कारण माझे सगळे फ्रॉक तुम्ही वाढत्या अंगाचे आणायचात, आणि ते अंगाला येईपर्यंत विटून जायचे. तुम्ही एवढ्या मोठ्याने हसलात की शेजारच्या टेबलावरचे काका वळून बघायला लागले. मग लाडात येऊन तुम्ही मला रंधा दिलात. मी तो डाव्या हातात धरला. तुमचं हसू गेलं. सगळ्यांदेखत तुम्ही तो माझ्या हातातून काढलात आणि उजव्यात दिलात. मी रडवेली झाले तेव्हा खाली वाकून हळूच म्हणालात, "यंत्रं सगळी उजव्यांची असतात, बाळ. डाव्याने काम करणारा एक होता आमच्यात." आणि माळ घातलेल्या करवतीकडे बघितलंत. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तुमच्या तोंडाकडे बघून मला कळलं होतं.

तुम्ही घाबरला होतात. हे मला त्या वयातही कळलं, आणि फरशीवर बसल्यावर पुन्हा कळलं. म्हणून राग गेला असं मात्र समजू नका. तुमची भीती खरी होती आणि माझा हातही खरा होता. रोज जेवताना तो मांडीवर पडून असायचा, त्याचं काय? मी थोडी हसले, मग बरीच रडले, आणि मग पोळ्या करायच्या होत्या म्हणून उठले.

म्हातारीला पट्टीची गोष्ट सांगितली तर तिने ती पट्टी हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट पाहिली. फटीचं म्हणाल तर तिला त्याचं काही वाटलं नाही. "नो वरीज," म्हणाली, सगळेच तिथे इपॉक्सीचा डिंक भरतात. मीही भरला, लाकडाचा भुसा कालवून. तुम्हाला ते आवडलं नसतं, पण पक्कं बसलंय. दस्त्याची मागची बाजूही अर्थात जराशी लांब झाली होती. "टेक अ बिट ऑफ द एंड," असं ती म्हणाली. मी करवत घेतली, खूण केली आणि ठेवून दिली. मग फक्त कानस, पॉलिशपेपर आणि जवसाचं तेल. गालाची उंची डाव्या गालासाठी. मुठीचा खोलगट भाग डाव्या मुठीसाठी.

गेल्या शनिवारी पहिल्यांदा क्लबवर नेली. चटईवर पालथी पडले आणि दस्ता डाव्या खांद्याला लावला. जरा लांब वाटला, म्हणून मान थोडी पुढे घ्यावी लागली, आणि मान पुढे गेली तसा गाल लाकडावर आपसूक टेकला. काही जुळवावं लागलं नाही. काळा गोल समोर स्वच्छ उभा होता. इतके महिने तो हलायचा, त्या दिवशी हलला नाही. मी दहा गोळ्या झाडल्या. मधोमध एकही नाही, अण्णा, खोटं कशाला सांगू. सगळ्या खाली डावीकडे. पण एकमेकींना चिकटून, रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या. म्हातारी दुर्बिणीतून बघत म्हणाली, "देअर शी इज." तिला म्हणायचं होतं की बंदूक जमली. कानावर आवाज अडवणारे मफ्स होते, डोळ्यांना पाणी होतं, मी तशीच उठून कागद काढायला गेले.

आज दसरा आहे. सकाळी दवाखान्यात खुर्चीला आणि ड्रिलला फूल वाहिलं, नर्सने फोटो काढला. घरी तिजोरीच्या दाराला बाहेरून हळदकुंकू लावलं, कारण कोऱ्या, तेल लावलेल्या लाकडावर हळद पडली तर कायमची राहील. तुमची पट्टी पाटावर मांडली, अगदी मध्ये. खोटी असली तरी ती आता माझ्या बाजूची आहे. दस्ता मी कापणार नाही. वाढत्या अंगाचा आहे, राहू दे. अंग आता वाढायचं नाही हे मलाही कळतं.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, पट्टीखाली ठेवीन. एक तेवढं सांगायचं राहिलं. लिहायला बसले ती आज मोठ्या ऐटीत पेन डाव्या हातात घेऊन. तुम्हाला दाखवायचं होतं. पहिलाच शब्द लिहिला तर त्यातला 'अ' लोळत ओळीखाली गेला आणि पुढचं जोडाक्षर मलाच वाचता येईना. तीन कागद वाया घालवले. मग हात बदलला, पेन तुमच्या हातात दिलं, आणि हे सगळं एका दमात झालं. बाकी मी कुठेही डावी होईन, अण्णा. पण तुम्हाला हाक मला अजून उजव्यानेच मारता येते.