पाचव्या माणसाचा कोरा फोटो

दि. ४ मार्च, मंगळवार

प्रिय जावईबापू,

नमस्कार. आम्ही आहोत तसेच आहोत. तुम्ही दोघं बरे असाल असं धरून पुढचं लिहितो.

शिशाच्या पेटीचं झाकण घासून दिलंय. किरणोत्सारी कुपी आत ठेवली की आता एका हाताने सरकेल. पेटी उचलायला मात्र दोघं लागतील. मी एकटा उचलायचो, ते दिवस गेले. पाठ. असो.

छकुलीचा फोन होता. "बाबा, हे धड जेवत नाहीत. सहा वर्षांचं काम गुरुवारच्या बैठकीत गुंडाळणार म्हणे." मी म्हणालो, "होईल गं नीट." सासऱ्यांना दुसरं येतं काय!

पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. चाळीस वर्षं पत्रे ठोकूनही शाबूत. तुमच्या प्रयोगासाठी माझा फोटो काढला, त्या तपासणीनंतर मी पडद्याआड सदऱ्याची बटणं लावत होतो, तेव्हा मशीनवाला म्हणाला, "मॅडम, या आजोबांच्यात काहीच उजळलं नाही." मोठ्या मॅडम म्हणाल्या, "पेप्टाइडवरची किरणोत्सारी खूण अंगात गेल्यावर सुटत असणार. आधीचे चार फोटो नशिबाने आले. एवढ्यावर पुढे जाता येणार नाही." मी उरलेली बटणं लावली आणि बाहेर पडलो. घरी आल्यावर 'आजोबा' म्हणाला म्हणून कुरकुर केली आणि छकुलीला हसवलं.

तुम्हीच एकदा जेवताना समजावलं होतंत. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या अंगात ठरावीक जागी जाऊन बसतात. तुमचं पेप्टाइडही तिथेच बसतं आणि कॅमेऱ्याला जागा दाखवतं. मी विचारलं, "जागेवर आधीच कुणी बसलं असेल तर?" तुम्ही म्हणालात, "मग आमचं उभ्या उभ्या परत. फोटो कोरा."

जावईबापू, जागा भरलेली होती.

दोन वर्षांपूर्वी शिशाची लादी उतरवताना पाठ धरली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवस संपले, दुखणंही संपलं. गोळ्या नाही संपल्या. एका डॉक्टरने नाही म्हटलं की दुसरा गाठायचा. तुमच्या कामी यावं म्हणून तपासणीला नाव दिलं, आणि अर्जात 'कोणतं औषध घेता?' पुढे ठसठशीत 'नाही' लिहिलं. मशीनवाला म्हणाला, "या वयात एकही गोळी नाही? वा!" त्या 'वा'ला भुललो. सकाळीच दोन घेऊन आलो होतो.

गेल्या आठवड्यात सोडून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी घाम, पोटात कळा, हातात कानस धरवेना. संध्याकाळी परत घेतली. म्हणजे अजून घेतोय. हेही लिहितो, नाहीतर पुन्हा अर्धंच खरं होईल.

तेव्हा तुमचं पेप्टाइड चुकलं नाही, माणूस खोटं बोलला. पत्र पेटीबरोबर पाठवतोय, माणूस तुमच्याच हातात देईल. गुरुवारी सगळ्यांसमोर वाचा. नाव झाकू नका. 'जावयासाठी सासऱ्याने रचलं' असं कुणी म्हणालंच, तर रक्त काढून बघा. उद्या सकाळी तुमच्या दवाखान्यात येऊन बसतो. गोळ्या सुटेपर्यंत तिथून घरी सोडायची घाई करू नका.

छकुलीला सांगायला दोनदा फोन उचलला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तिला मीच सांगेन. तुम्ही फक्त तेव्हा तिच्या शेजारी बसा.

आयुष्यात कुणाकडे काही न मागितलेला आणि आज मागणारा,
तुमचा सासरा