शिवणीच्या आतला रंग

७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर आई शेजारी कान लावून बसलेली असते, म्हणून लिहितेय. तिच्या डोळ्याची पट्टी निघाली. मोतीबिंदू गेला आणि आईला एकदम सगळं दिसायला लागलंय, ते माझ्या मुळावर आलंय. पहिल्या दिवशी तिने छताचं जाळं दाखवलं, दुसऱ्या दिवशी माझे पांढरे केस, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या झोपायच्या खोलीतलं कपाट उघडलं.

ते कपाट तू पाहिलंयस. जेमतेम दोन हात रुंद, आणि पलंग मध्ये येतो म्हणून डावं दार अर्धंच उघडतं. आई पलंगावर बसली, मी एकेक कपडा हातात धरून तिच्यापुढे उभी. ठेवायचा, द्यायचा, फडक्याला घ्यायचा, असे तीन ढीग. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांपुढे आरसा धरते, त्या दिवशी माझाच पंचनामा झाला. चार पँटी कंबरेत बसत नाहीत. बारीक झाले की घालीन म्हटलं, तर आई म्हणाली, तोवर माझा दुसराही डोळा जाईल.

दोन दिवस चाललं होतं. आता स्वेटर गुंडाळून उभे केलेत, मोजे बुटांच्या खोक्यात गेलेत, आणि वरच्या दोन फळ्या चक्क रिकाम्या झाल्यात. त्या आईच्या. थंडी संपेपर्यंत तिने इथेच राहावं असं ठरतंय, म्हणजे दुसरा डोळाही इथेच होऊन जाईल. तेव्हा तिचे गरम कपडे पाठव. एक पिशवी तेवढी घेऊन आली आहे ती.

आई दिवसातून चारदा कपाट उघडते आणि म्हणते, किती सुरेख लागलंय, बघत राहावंसं वाटतं. हवालदारीणबाई ताई, रागावू नका. भावजींना नमस्कार.

तुझ्या लोभावरच जगणारी,
धाकटी


१५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ठरतंय, असं लिहिलंस. कोण ठरवतंय, ते लिहिलं नाहीस.

आई आठ वर्षं माझ्याकडे राहते. इस्पितळाच्या कापडखोलीत मी रोज चारशे चादरींच्या घड्या घालते आणि घरी येऊन उरलेल्या घालते. माझ्या घरात एक टॉवेल वाकडा सापडायचा नाही. तिच्या गोळ्यांच्या वेळा मला झोपेत विचार, सांगेन. पण बघत राहावंसं वाटतं, असं ती माझ्या कुठल्या फळीला कधी म्हणाली नाही. तू आयुष्यात दोन दिवस मोजे आवरलेस आणि कौतुक तुझं. तुझ्या भावजींनी विचारलं, कपाटावर जळतेस का गं? मी म्हटलं, हो, जळतेय.

गरम कपडे काढायला तिचं कपाट उघडलं. म्हटलं, तुम्ही आवरता तर आपणही आवरू. सगळं बाहेर काढलं. तळाशी, जुन्या उशीच्या अभ्र्यात, गाठ मारून ठेवलेलं बोचकं निघालं. आत सात फ्रॉक. साती तुझे. तो गर्द हिरवा, मोठ्या कॉलरचा. तो मरून, खिशावर बटण असलेला. आठवतो? तू सात वर्षांची होतीस, मी बारा. मला खिसा का नाही म्हणून मी जेवले नव्हते. आई रात्रंदिवस लोकांचे कपडे शिवायची, आणि वेळ काढायची तो तुझ्यासाठी. दर वर्षी तुला नवा रंग. माझे कपडे आखूड झाले की नाहीसे व्हायचे. विचारलं तर म्हणायची, देऊन टाकले कुणाला तरी.

मी ते बोचकं तीनदा उपसलं. माझा एक रुमालसुद्धा नाही त्यात.

पार्सलमध्ये तिचे गरम कपडे घातलेत आणि ते सात फ्रॉकही. ज्याचे त्याला. कपाट आता पूर्ण रिकामं आहे. त्यापुढे मी इस्त्रीचं टेबल लावून टाकलंय, खोलीत जागा हवीच होती. ठेवून घे तिला.

राग आहेच. लोभही आहे, तो कुठे जात नाही.

ताई


२४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. फ्रॉक आईला दाखवले नाहीत. मरून फ्रॉक मात्र या पत्रासोबत परत पाठवतेय. त्याची बाजूची शिवण मी वीतभर उसवली आहे. आत बघ.

पिवळा दिसतोय ना? तुझा पिवळा. शाळेच्या फोटोत तू पहिल्या रांगेत बसली आहेस, तेव्हा अंगात आहे तो. आणि तो खिसा कधीच खिसा नव्हता, ताई. तू भिंतीवरून उडी मारलीस तेव्हाचं भोक झाकलंय त्याने. तो गर्द हिरवा म्हणजे आधीचा तुझा आकाशी. साती तुझेच आहेत. आई ते लपवून ठेवायची, मी त्या मापाची झाले की कॉलर बदलायची, बटणं बदलायची, आणि बादलीत रंग कालवून बुडवायची. पण शिवणीच्या घडीत रंग नीट पोचत नाही.

मी नऊ वर्षांची असताना खिळ्याला अडकून शिवण उसवली, तेव्हा मला कळलं. त्या आठवड्यात आईचे हात मनगटापर्यंत हिरवे होते. नव्या फ्रॉकचं कौतुक ऐकायला ती समोर उभी होती. मी म्हटलं, छान आहे. आजवर म्हणतेच आहे.

तू माझ्या खिशावर जळलीस, आणि मी तुझ्यावर जळत मोठी झाले. आईने टेप घेऊन माप घेतलं ते तुझं. मला फक्त टाचण्या लावल्या. नोकरी लागेपर्यंत माझ्या मापाचं असं काही माझ्या अंगाला लागलं नाही. म्हणून वाटलं, तुला आठ वर्षं मिळाली, मला एक थंडी तरी मिळू दे.

आता खरं सांगते. ठरतंय असं मीच लिहिलं. आई हो म्हणालेली नाही. त्या दोन फळ्या अजून रिकाम्याच आहेत. तिचे कपडे पलंगाखालच्या पिशवीत आहेत. रोज सकाळी काढते, संध्याकाळी घडी घालून परत पिशवीत ठेवते आणि चेन लावते. गरम कपडेही तिने त्यातच दाबून बसवले.

इस्त्रीचं टेबल हलवायचं की नाही, ते तू ठरव.

रागासकट तुझी,
धाकटी


१ डिसेंबर

चि. सौ. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

नव्या डोळ्याने लिहितेय, ओळी सरळ आल्यात की नाही ते कळव.

धाकटीने तुला लिहिलेलं पत्र टपालात पडण्याआधी एक दिवस कपाटात बनियनांखाली होतं. तुझंही तिथेच होतं. ते कपाट मी लावलंय, मला सापडणार नाही तर कुणाला? दोघी एवढ्या मोठ्या झालात आणि लपवायला अजून बनियनच.

ते फ्रॉक मी जपून ठेवले नव्हते. लपवले होते. फेकले तर कुणी उसवून बघेल आणि धाकटीला कळेल, ही भीती. तिला वयाच्या नवव्या वर्षापासून माहीत होतं, हे मला परवा कळलं. फ्रॉक घालून ती माझ्यासमोर गिरकी घ्यायची गं.

तुझ्या फळ्यांचं मी कौतुक केलं नाही, हे खरं आहे. आपल्याच घरातलं कपाट उघडून कुणी वा वा करतं का? धाकटीकडे मी पाहुणी आहे, म्हणून करते.

बारा तारखेला येते. न्यायला जावयांना पाठव. टेबल काढून ठेव, ओलं फडकं फिरव, आणि माझे कपडे तू लावू नकोस, मी लावीन. इथे माझं थोडं काम उरलंय, तेवढं उरकते. धाकटीला त्याबद्दल विचारू नकोस.

आईचा जीव दोघींत आहे. कुठे जास्त, ते मोजत बसू नका.

तुझी आई


१३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई पोचली असेल. काल भावजींनी पिशवी उचलली तेव्हा मी चष्मा पुसत राहिले. दुकानात हा बहाणा रोज बघते, स्वतःवर पहिल्यांदाच वापरला.

रात्री कपाट उघडलं नाही. आज सकाळी उघडलं. दोन रिकाम्या फळ्या बघायच्या म्हणून मनाची तयारी केली होती. वरची रिकामी होती. खालच्या फळीवर एक घडी होती. निळं कापड, कोरं. उलगडलं तर फ्रॉक, ताई! पायघोळ, लांब बाह्यांचा, या वयाच्या बाईला शोभेल असा, पण फ्रॉकच. सगळा हातशिलाईचा. मशीन तुझ्याकडे आहे, तेव्हा मी कामावर गेले की सुई-दोरा घेऊन बसत असणार. टेप माझ्या घरात नाही. रोज निघताना ती पाठीवरून हात फिरवायची, खांद्यापासून कंबरेपर्यंत, आणि मला वाटायचं माया करते. माप घेत होती.

घातला. कुठेही टाचणी लावायला नको. उजव्या बाजूला खिसा आहे. खिशाखाली बोट घालून पाहिलं, भोक नाही.

मग सवयीने शिवण उलटून पाहिली.

आतही निळाच आहे.

आईला यातलं काही सांगू नकोस, फ्रॉक छान आहे, एवढंच मी तिला लिहीन. तुझा लोभ राहू दे, आणि आता थोडं जळलीस तरी चालेल.

तुझी,
धाकटी