कुंकू लागलेल्या मीटरमुळे बिल कमी आल्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक अभियंता,
वीज वितरण कार्यालय.

विषय : घरगुती वीज बिल चुकून कमी आल्याची तक्रार.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज, जे आपल्याकडे सुखरूप असतीलच.

महोदय,

प्रामाणिकपणाची किंमत प्रत्येक युगाने मोजलेली आहे. माझ्या बाबतीत ती एप्रिल महिन्यात चौदा युनिट भरली.

१. माझ्या घरी फ्रिज, कूलर व बोअरची मोटर आहे. शेजारच्या सीताबाई एकट्या राहतात; त्यांच्याकडे एक बल्ब व एक पंखा. त्यांना तीनशे अठरा युनिटांचे बिल आले आहे.

२. दोन्ही बिले मी भिंगाखाली तपासली. नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक बिनचूक. चूक बिलावर छापलेल्या मीटरच्या फोटोत सापडली. दोन्ही घरांचे मीटर एकाच सामाईक भिंतीवर आहेत. नवे मीटर बसले त्या दिवशी माझी पत्नी विजयमाला हिने, नवी वस्तू म्हणून, आमचा समजून एका मीटरची हळदकुंकू वाहून पूजा केली. तो मीटर सीताबाईंचा निघाला. नंबर कुंकवाखाली गेला. तेव्हापासून रीडिंग घेणारे गृहस्थ कुंकवाचा मीटर आमचा धरतात. सीताबाई विधवा असल्याने कोरडा त्यांचा, हे त्या गृहस्थांना शास्त्राला धरूनही वाटते. मी आमचे मेन स्विच पाडून पाहिले. कुंकवाचा मीटर चालूच होता.

३. आपल्या कार्यालयात बिल जास्त आल्याचा रकाना आहे, कमी आल्याचा नाही. "काका, बिल कमी आलं ना, मंग काहून हिंडून राहिले?" असे बाबूंनी आपुलकीने विचारले. जास्तीची तक्रार सीताबाईंनी करावी, असे सुचवून पाहिले. त्या म्हणाल्या, "मशीन कायले खोटी बोलन जी? मीच बल्ब बंद कराले भुलली असन."

४. तेव्हापासून त्यांनी पंखाही बंद ठेवला आहे. वय एकोणऐंशी, महिना मे. डोक्यावर ओले फडके घेऊन पडवीत बसतात. परवा भोवळ येऊन पडल्या. आमच्या कूलरपुढे या म्हटले, तर तुमचे बिल वाढेल म्हणाल्या.

मीटर तपासायला आपणांस सवड लागेल. माझीही आता घाई करण्याची ताकद उरलेली नाही. जादा युनिट खुशाल माझ्या नावे टाकावेत. तोवर "सीताबाईंनी पंखा लावण्यास हरकत नाही" एवढी एक ओळ गोल शिक्का मारून द्यावी. मी सांगितले की त्या हसतात. तीस वर्षे मी पेपरात विनोद लिहीत होतो.

आपला नम्र व अपुऱ्या बिलाचा धनी,
केशवराव निमजे
अड्याळ, ता. पवनी, जि. भंडारा
दि. २६ मे २०२५

सोबत : दोन्ही बिलांच्या झेरॉक्स, भिंतीचा फोटो, शिक्क्यासाठी एक कोरा कागद.