पासवर्ड गेला परगावी

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तो खुर्चीत बसूनच केलाय, पण तुमच्याकडे पोचल्यावर पूर्ण धरावा.) ताईची सर्दी हटली का? तुमच्या डाव्या कानाला अजून कमी ऐकू येतं का, की फक्त ताई बोलते तेव्हाच? पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. रोज संध्याकाळी फोन लावतोय, पण सामना चालू असताना तुम्ही फोन उचलत नाही आणि सामना नसतो तेव्हा झोपलेले असता, म्हणून शेवटी टपालखात्याला शरण गेलो.

लिहायला बसलो ते आमच्या वायरवाल्यांबद्दल. आम्हाला इंटरनेट पुरवणारे हे गृहस्थ. लाँड्रीच्या वरची एक खोली, हेच त्यांचं ऑफिस. आत कपाटभर पेट्या हिरवे दिवे मिचकावत असतात आणि खोलीतला एकुलता एक पंखा माणसांकडे पाठ करून त्या पेट्यांना वारा घालतो. (मी विचारलं, तर म्हणाले, माणसाला उकडलं तर तो उठून बाहेर जातो, पेटीला पाय कुठे आहेत?) खालून इस्त्रीची वाफ, वर तापलेला पत्रा, आणि मधे त्यांची बायको कानाला फोन लावून तक्रारी ऐकत बसलेली. ती माणसांना नावानं ओळखत नाही, तक्रारीनं ओळखते. तिच्या लेखी मी म्हणजे ‘चित्र थांबतं, आवाज चालू राहतो’.

गेल्या वर्षी मोठी कंपनी आमच्या वस्तीत उतरली. इंटरनेटबरोबर सगळे खेळ फुकट, अशा पाट्या कोपऱ्याकोपऱ्यावर लागल्या आणि वायरवाल्यांच्या साडेतीनशे घरांपैकी साठ घरं बघता बघता तिकडे गेली. मी असतो तर हातपाय गाळून बसलो असतो. हे उठले आणि थेट खेळ दाखवणाऱ्या कंपनीकडे गेले. तिथे सांगितलं, एवढ्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही करार करत नाही. तेव्हा हा माणूस आपल्यासारखेच एकेका खोलीतले आणखी दहा वायरवाले शोधत फिरला. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात आयुष्य घालवलेली ती मंडळी त्यानं एका बाकावर आणून बसवली आणि अकरा जणांनी मिळून सही ठोकली. (अकरा! म्हणजे संघच झाला की.) आता इंटरनेटबरोबर आम्हाला सगळे सामने दिसतात. प्रत्येक घराला स्वतःचा पासवर्ड.

बरं, पासवर्ड हातावर टेकवून पसार होणारा हा माणूस नव्हे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या रिमोटवर त्यांनी स्वतः लाल चिकटपट्टी लावून दिली. आजींना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण लाल बटण दाबलं की बावीस मुलं आपल्यासाठी धावतात याचं त्यांना कोण कौतुक! कुणाचं चित्र गोठलं की हे शिडी घेऊन निघतात, पण मध्यंतरातच. पंधरा मिनिटांत दोन घरं उरकतात. खेळ चालू असताना दुरुस्तीसाठी टीव्ही बंद करायला सांगणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं, असं त्यांचं मत आहे.

आणि अशा माणसावर संकट आलं. पंधरा दिवसांपूर्वी खेळवाल्या कंपनीनं कळवलं, की तुमच्या एका गिऱ्हाइकाचा पासवर्ड रोज संध्याकाळी दूरच्या गावी वापरला जातोय. करारात हद्दीबाहेर खेळ दाखवायला बंदी आहे. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे येत्या शनिवारपर्यंत, हे थांबलं नाही तर खेळ बंद. आणि एकट्या आमच्या वायरवाल्यांचे नव्हे, अकराही जणांचे. खेळ गेले की उरलेली गिऱ्हाइकंही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्याच खोलीत आम्हा गिऱ्हाइकांची सभा भरली. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणालं, हे पाणीखात्यात एकतीस वर्षं चोरीचे नळ पकडायचे, यांनाच शोधू द्या. दाजी, तुम्हाला माहीतच आहे, मला कुणी आग्रह केला की नाही म्हणवत नाही. (आग्रह केला नाही तरी म्हणवत नाही, असं ताई म्हणेल, तिचं सोडा.) मी उभा राहिलो आणि पाऊण तास बोललो. फुकट्या नातेवाइकांवर बोललो, त्यांना पोसणाऱ्यांवर तर फारच बोललो. टाळ्या पडल्या. मग तपासाला लागलो. पहिला संशय दातांच्या डॉक्टरांवर घेतला, कारण त्यांचा भाऊ परगावी असतो. त्यांची खडसून उलटतपासणी घेतली. माझी एक दाढ त्यांच्याकडे अर्धी कोरलेल्या अवस्थेत आहे, हे मला सगळे प्रश्न विचारून झाल्यावर आठवलं. ती अजून तशीच आहे.

तपासाचा अहवाल द्यायला वर गेलो, तर वायरवाले कॉम्प्युटरसमोर बसलेले. पडद्यावर सगळ्या घरांची यादी आणि कुणाचा पासवर्ड कुठे चालू आहे ते प्रत्येकापुढे लिहिलेलं. मला पाहताच त्यांनी ती यादी मिटवली. मी चाटच पडलो. म्हटलं, म्हणजे चोर तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे! तर म्हणाले, “साहेब, नाव काढायला एक बटण पुरतं. पण साठ घरं सोडून गेली ना, ती माणसं अजून मला बघून रस्ता बदलतात. आता आणखी कुणाला रस्ता बदलायला लावायचा नाहीये मला.”

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघरी फिरायला लागले. दोनशे नव्वद घरं, त्यातली निम्मी जिन्याची. प्रत्येक घरी एकच वाक्य: पासवर्ड कुणाला दिला असेल तर तेवढं बंद करायला सांगा, विसरायला होतं माणसाला. एका माणसाची लाज राखायला हा गृहस्थ दोनशे नव्वद दारं वाजवतोय, हे पाहून मला खरंच भरून आलं. काल आमच्याकडेही येऊन गेले. चहा घेतला, टीव्हीमागची वायर उगीचच सरळ केली, ते वाक्य म्हटलं आणि निघताना तुम्हा दोघांची चौकशी केली. ताई-दाजी बऱ्याच दिवसांत आले नाहीत म्हणाले. अशी आपुलकी हल्ली कुठे बघायला मिळते?

पत्र लांबलं. ताईला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा (बसूनच).

तुमचा मेहुणा

ता. क. तुमच्याकडे आलो होतो तेव्हा ताईच्या किराणाच्या वहीत, मागच्या पानावर, मी आमचा पासवर्ड लिहून दिला होता. तो एकाच सामन्यापुरता होता. तुम्ही अजून बघताय का? बघत असाल तर हे पत्र खाली ठेवायच्या आत बंद करा. वायरवाले जिना उतरून गेल्यावर अर्ध्या तासानं माझ्या डोक्यात उजेड पडला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

ता. क. दुसरा. पासवर्ड मी बदलून घेतला असता, पण तो त्यांच्या खोलीतूनच बदलावा लागतो, आणि त्या खोलीत मी पाऊण तास बोललोय. ताईला यातलं काही कळू देऊ नका. पत्र ताईनंच फोडलं असेल तर, ताई, दाजींना कळू देऊ नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार एवढ्यात वायरवाले दारात. हातात चिठ्ठी, तिच्यावर आमचा नवा पासवर्ड. सगळ्यांचेच बदलतोय म्हणाले, आणि चहालाही न थांबता गेले. मी शेजारी विचारलं, वरच्या आजींना विचारलं, शेवटी मनाचा हिय्या करून डॉक्टरांनाही विचारलं. कुणाचाच बदललेला नाही. तेव्हा दाजी, तुमच्याकडचा खेळ एव्हाना गेला असेल. टीव्हीला थपडा मारू नका, तो बिघडलेला नाही. उद्या सकाळी मी लाँड्रीवरच्या खोलीत जाऊन सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार आहे. फक्त सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. तुम्ही सुचवा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी बोलून आलेलो असेन, तरी सुचवा.