विषय क्रमांक सात

८ फेब्रुवारी, रविवार

चि. धाकटीस,

दादाचे आशीर्वाद. नको असतील तर पाकिटातच राहू देत.

तुझं पत्र मिळालं. आधीची दोनही मिळाली होती. उत्तर दिलं नाही, कारण अंदाजपत्रकाचे दिवस. तुला सांगायला नको, तू नगरसेविका म्हणून दीड वर्ष त्याच सभागृहात काढलंस. यंदा गटारांचा विषय चार मिनिटांत मंजूर झाला आणि सभागृहाच्या नव्या खुर्च्या कुठल्या रंगाच्या घ्यायच्या यावर दीड तास भांडण. डुलकीरावांना झोपेतून उठवून मत विचारलं, तर म्हणाले, "माझा पाठिंबा आहे." कशाला, ते कुणी विचारलं नाही. मी आपला लिहून घेतला पाठिंबा.

आई ठणठणीत आहे. डोळ्यांचं ऑपरेशन इतकं छान झालंय की औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचते आणि मला ऐकवते. तुझी वहिनी बरी. पोरगी पाणीपुरवठ्यात कायम झाली, तुला कळलंच असेल. सहा वर्षं हंगामी होती, सुटली एकदाची.

गल्लीची चौकशी केली आहेस. मी हल्ली तिकडून जात नाही, मला लांब पडतं. ट्रक येतात म्हणे. मैदानावर गोदाम झालं म्हटल्यावर ट्रक येणारच. पाणी दिवसाआड झालंय म्हणे, शेवटच्या घरांना तेही धड पोचत नाही. इस्त्रीवाली भेटली होती बाजारात. माझ्याकडे पाहून तिने तोंड फिरवलं. आता मी काय केलंय तिचं?

आता तुझा मुद्दा. तू विचारतेस, त्या सभेत विषय क्रमांक सातवर तू काय बोललीस ते मला आठवतं का, एवढंच लिहून दे. अगं बाई, एकेका सभेत चाळीस विषय असतात! रेकॉर्डर दोन वर्षांपासून दुरुस्तीला आहे. कोण काय बोललं हे मी डोक्यात ठेवायला लागलो तर डोकं फुटेल. इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" आहे. चूक असेल तर चूक, पण पुढच्या सभेत ते वाचून कायम झालं. एकदा कायम झालं की ब्रह्मदेव आला तरी शाई खोडता येत नाही. त्या पुढच्या सभेला तू असतीस तर तिथल्या तिथे दुरुस्ती सांगितली असतीस. नेमकं आईचं ऑपरेशन त्याच दिवशी निघालं. याला कोण काय करणार?

माझं ऐक, चोवीस तारखेला सुनावणी आहे ते ठरावाविरुद्धचं अपील मागे घे. राजीनामा दिलास, गाव सोडलंस, दुसरीकडे चांगली नोकरी लागली. उगाच कशाला उकरून काढतेस?

तुझा,
दादा


१५ फेब्रुवारी, रविवार

चि. धाकटीस,

तुझं पत्र आलं. चार ओळींचंच, पण जिव्हारी लागलं. "दादा, माझी नोकरी बरी आहे. पण इस्त्रीवालीने माझ्या तोंडावर दार लावलं ते बरं नाही." हे वाक्य मी तीन दिवस ऑफिसात घेऊन बसलोय.

ती तुझ्याबरोबर दारोदार फिरली होती, हे मला माहीत आहे. ऐंशी घरांच्या सह्या तुम्ही दोघींनी गोळा केल्यात. पुढे गल्लीतल्या कुणीतरी अर्ज करून इतिवृत्ताची नक्कल मिळवली आणि नळावर सगळ्यांसमोर वाचली. विषय सात, मैदानाची जागा रहिवासी भागातून वगळून गोदामासाठी देणे, सर्वानुमते मंजूर. खाली हजर सदस्यांत तुझं नाव. ती म्हणाली ना तुला, "बाई, आमच्या सह्या घेऊन आत गेलात आणि तिथे हात वर केलात?" हेही मला माहीत आहे. गावात काहीच लपत नाही.

बरं. सोबत एक वही पाठवतोय.

सभेत मी घाईघाईने लिहून घेतो ती ही कच्ची वही. त्यावरून मग नीट अक्षरात इतिवृत्त होतं. इतिवृत्त कायम झालं की कच्ची वही फाडून टाकायची, असा आमच्याकडे रिवाज. ही मी फाडली नाही. का, ते विचारू नकोस. पान एकोणचाळीस बघ. माझंच अक्षर, आणि शब्द तुझे: "मैदानाभोवती ऐंशी घरं आहेत. ट्रक आत शिरला तर रुग्णवाहिका बाहेर पडणार नाही. आज नळाला चाळीस मिनिटं पाणी येतं. गोदामाला दोन इंची जोडणी दिलीत तर शेवटच्या वीस घरांनी काय प्यायचं, तेही ठरावात लिहा. माझा विरोध आहे. नावानिशी नोंद घ्या."

तेव्हा मला आठवतं. शब्दन् शब्द आठवतो. मागच्या पत्रात खोटं लिहिलं.

झालं असं की त्या संध्याकाळी नगराध्यक्षांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पोरीची फाईल, कायम करण्याची. त्यांनी फाईलला हातही लावला नाही. म्हणाले, "लिपिकसाहेब, एकमत दिसलं तर वरची मंजुरी लवकर येते. तुमचं अक्षर सुंदर आहे." एवढंच. चहा पाजला. आता तू सांग, मुलीचा बाप काय करतो? तुला मूलबाळ नाही, तुला नाही कळायचं. हे लिहायला नको होतं, पण लिहून झालंय.

वही वकिलाला दे. फक्त माझं नाव मध्ये आणू नकोस. सापडली म्हण, कुणी आणून दिली म्हण. निवृत्तीला चार महिने उरलेत माझ्या.

आईने तुला काही पत्र-बित्र लिहिलंय का? चार दिवस झाले, माझ्याशी एक शब्द बोलत नाही. जेवायला वाढलं की ताट घेऊन आत जाते. विचारलं तर म्हणते, "तुझं तू आठव."

तुझा,
दादा


१९ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटे,

वही परत आली. वर चिठ्ठी, त्यावर दोन शब्द: "सही नाही."

बरोबर आहे. सही नसलेला कागद म्हणजे रद्दी, हे सत्तावीस वर्षं मीच लोकांना खिडकीतून सांगत आलो. किती म्हाताऱ्याकोताऱ्यांना असे परत पाठवले असतील! तरीही तुला बिनसहीची वही पाठवली. तुला ती उपयोगाची नाही हे मला पाकीट चिकटवतानाच माहीत होतं. मला फक्त पाठवल्याचं समाधान हवं होतं.

आज रजा काढली. सकाळी चहा घेताना आईने माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं. डोळ्यांच्या दवाखान्याचं, ऑपरेशनच्या तारखेचं. तिच्या उशीखाली होतं इतके दिवस. बारा तारीख छापली आहे, ती काटून हाताने एकोणीस केली आहे. आई म्हणाली, "अक्षर तुझं आहे. आधी मला दिसत नव्हतं. आता दिसतं." मग म्हणाली, "माझ्या डोळ्यांच्या आडून केलंस होय रे?"

तर आता ऐक. त्या महिन्याची बारा तारीख ठरली होती. एकोणीसला सभा होती, इतिवृत्त कायम करण्याची. मी दवाखान्यात गेलो आणि तारीख पुढे ढकलून घेतली. तिथल्या नर्सबाईंनी ती रजिस्टरात बदलली, कार्डावर मी स्वतः खोडली. आईबरोबर तूच जाणार, हे मला ठाऊक होतं. आईचं काही असलं की तू सभा काय, जग सोडून धावतेस. तेवढ्यावरच माझा सगळा हिशेब बसला होता.

त्या दुपारी तू दवाखान्यातून फोन केलास. आईच्या डोळ्यांत औषध घातलं म्हणालीस, आणि, "बरं झालं दादा तू तारीख घेतलीस, मला एकटीला जमलं नसतं." मग विचारलंस, "सभेत माझं काही?" मी म्हणालो, "काही नाही, नेहमीचंच." पाच मिनिटांपूर्वीच मी ते वाक्य सभागृहात खणखणीत आवाजात वाचून बाहेर आलो होतो. सर्वानुमते मंजूर. कुणी हूं की चूं केलं नाही.

पोरीची फाईल खरी आहे. पण मी नाही म्हटलं असतं तर ती अजून वर्षभर हंगामी राहिली असती, आभाळ कोसळलं नसतं. मग का केलं?

सत्तावीस वर्षं त्या सभागृहात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. एकदाही तोंड उघडलं नाही, लिपिकाने उघडायचं नसतंच. तू निवडून आलीस आणि तिसऱ्याच सभेत उभी राहिलीस. नगराध्यक्षांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. माझ्यासाठी कुणी कधी ग्लास खाली ठेवला नव्हता. त्यानंतर खिडकीवर येणारा जो तो विचारायचा, "तुम्ही बाईंचे भाऊ ना?" हसून हो म्हणायचो. घरी येऊन तुझ्या वहिनीवर विनाकारण खेकसायचो. ज्या मुलीला मी पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली, तिचा मी भाऊ! उलटं का नाही कुणी म्हणत? हे असलं कुजकं मनात होतं. नगराध्यक्षांना फार जोर लावावा लागला नाही. दार आतूनच उघडं होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तरी देऊ नको, असं आई म्हणालीच असेल तुला.

काल मुद्दाम गल्लीतून आलो. लांब पडत नाही, माझ्या रस्त्यातच आहे. शेवटच्या घराबाहेर रिकाम्या बादल्यांची रांग होती आणि रांगेपलीकडे ट्रक मागे घेत होते. इस्त्रीवालीने मला हाक मारली. म्हणाली, "तुमच्या बहिणीला सांगा, विकली गेलीस तेव्हा निदान पाण्याचं तरी बोलायचंस." मी मान हलवून पुढे निघालो. तिथेही बोललो नाही. तेवढंसुद्धा जमलं नाही मला.

वही पुन्हा पाठवतोय, आजच, कुरिअरने, म्हणजे मंगळवारच्या सुनावणीआधी पोचेल. प्रत्येक पानावर सही केली आहे. आईचं कार्डही ठेवलं आहे, तिनेच दिलं. हे पत्रही वकिलाला दे, वरच्या घरगुती रडगाण्यासकट. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पोरीला मी अजून सांगितलेलं नाही, आज सांगेन.

खालचा मजकूर तेवढा रीतसर लिहितो:

विषय क्रमांक सात. सदर ठराव सर्वानुमते मंजूर झाला नाही. एका सदस्येने उभे राहून विरोध केला व नावानिशी नोंद घेण्यास सांगितले. विरोध ऐकू आला होता. इतिवृत्तात नोंद घेतली नाही. पुढील सभेस त्या हजर राहू नयेत अशी व्यवस्था केली. दोन्ही गोष्टी जाणूनबुजून केल्या.

वरील मजकूर माझ्या हस्ताक्षरातला आहे.

सही,
सभा लिपिक
(बाईंचा भाऊ)