शंभर घरांचा चहा

५ जानेवारी

आता मशीन विचारणार म्हणे! आमच्या पाहणी कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून भक्ती मॅडमचा फोन आला होता. मशीन घरोघरी फोन लावणार, बाईच्या आवाजात बोलणार, तेही आपल्या बोलीत — 'कोणता चहा आणता तुमी?' मला हसूच आलं. एकोणीस वर्षं मी परभणी जिल्ह्यात दारोदार हेच विचारत फिरतेय. साबण, तेल, चहा. दर महिन्याला तीच घरं. लेकीबाळींची लग्नं ठरली की मला आधी कळतं. मशीनला कोण सांगणार?

तर परीक्षा आहे. पालमची शंभर घरं, प्रश्न चहाचा. मी घरी जाऊन विचारायचं, मशीननं फोनवर. ज्याचं उत्तर खरं निघेल त्याच्याकडे जिल्हा. मी हरले तर काम संपलं. पण हरतेय कशाला!

६ जानेवारी

अवधूत म्हणतो, मशीनला एसटीत जागा धरावी लागत नाही. नवरा माझा, पण बाजू मशीनची! त्याला म्हटलं, मशीनला कुणी 'बसा' तरी म्हणतं का?

८ जानेवारी

पालम. नेहमीसारखे कालच सगळीकडे फोन करून ठेवले होते, म्हणजे बायका घरी सापडतात. ही माझी पद्धत. नव्या पोरींना हे सुचत नाही, मग कुलपं बघून परत येतात.

पहिलं घर बायनाबाईंचं. त्यांनी हातातली तूर बाजूला सारली आणि आधण ठेवलं. "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाई." तोंडी उत्तरावर मी कधीच भागवत नाही. थेट ओट्यापाशी जाते, पाकीट बघते, फोटो काढते. सोनेरी पाकीट, नुकतंच कापलेलं. शेजारी सरजाबाईंकडेही तेच. मशीन काय ओट्यापर्यंत येणार आहे?

दिवसभरात सतरा कप झाले. पित्त उसळलंय, पण नाही म्हणणं जमत नाही.

१३ जानेवारी

शंभर पूर्ण. ब्याऐंशी घरांत सोनेरी पाकीट. फोटोंसकट पाठवलं.

१९ जानेवारी

मशीनचं उत्तर आलं — एकाहत्तर घरांत सुटी पत्ती! भक्ती मॅडमना स्पष्टच सांगितलं, फोनवर लोक काहीही ठोकून देतात. माझ्याकडे फोटो आहेत, फोटो! त्या शांतपणे म्हणाल्या, "पद्मजाताई, दुकानात काय खपतं ते बघू. तुम्हीच विचारून या. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे."

बरंच झालं. त्या भागात किराणा एकच, सिताराम यांचा. परवा जाते. अवधूतला पेढे आणून ठेवायला सांगितलंय. मशीन खोटं पडल्यावर पुण्याला काय बोलायचं तेही मनात ठरलंय, जरा तिखटच आहे.

२१ जानेवारी

सिताराम म्हणाले, "सोनेरी पाकीट महिन्यातून एकदाच खपतंय, ताई. तुमचा फोन आला की बाया घेऊन जातेत. ताईला सुटी पत्ती कशी पाजावी, म्हणतेत."

म्हणजे एकोणीस वर्षं मी माझाच पाहुणचार मोजत होते. लाज वाटली. आणि बायनाबाईंचा चेहरा आठवून भरूनही आलं.

दुकानाच्या पायरीवरूनच भक्ती मॅडमना फोन लावला. म्हटलं, मशीनचं बरोबर आहे. जिल्हा त्याला द्या.