गौरीपुढचं एकच ताट

विटा. गौरीपूजन, दिवेलागणीनंतर.

माझीच मला किळस येते आहे. यंदा गौरीपुढे फराळाच्या राशी मांडायच्या नाहीत, पुरणपोळीचं एकच ताट ठेवायचं, हा हट्ट माझा होता. गेल्या वर्षीच्या करंज्या बुरशी येऊन टाकाव्या लागल्या, त्या डोळ्यांपुढून जात नव्हत्या. आई नको म्हणत होती. मीच आठवडाभर भांडून तिला तयार केलं.

शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. ताटाकडे बघून म्हणाल्या, “एवढंच व्हय गं? आमच्यात तर वाटी ठेवायला जागा न्हाई.”

हे मी ठरवलं, एवढंच सांगायचं होतं. उत्तर पाठ करून ठेवलं होतं. आणि तोंडातून काय निघालं? “आईला झेपलं नाही यंदा.”

आई करंडा घेऊन मागेच उभी होती. वाटलं, आता खरं सांगेल. सांगायलाच हवं होतं. एक साधं ताट, त्याची मला लाज वाटली?

आई काकूंना कुंकू लावत म्हणाली, “व्हय वो, हात लय दुखत्यात माझं.”

तिचे हात ठणठणीत आहेत. नंतर आलेल्या प्रत्येक बाईला ती हेच सांगत राहिली, आणि मी शेजारी उभी राहून पानसुपारी देत होते.